बोट का काढलं नाही याचा खुलासा

मस्तगड, जुना जालना
अधिक ज्येष्ठ, शनिवार

श्री. रा. रा. जावईबापू कल्याणराव यांना शीतलच्या मच्छिंद्रमामाचा मनापासून नमस्कार.

आपली प्रकृती उत्तम असेल अशी खात्री आहे. लग्नात मुंडावळ्या घासून आपल्या कपाळावर चट्टा उठला होता, तो गेला का? शीतलला पुण्याचं पाणी मानवलं का? इकडे पाणी आठ-आठ दिवसांनी येतं, त्यामुळे ते मानवलं की नाही हे कळायच्या आत संपतं. आमच्या हिचे गुडघे जसे होते तसेच आहेत. माझं ब्लडप्रेशर बरं आहे आणि बोटही बरं आहे. (बोटाचा विषय पुढे सविस्तर येईल.) जावयाला ‘आपण’ म्हणावं हे मला मान्य आहे, पण दर वाक्यात आपण-आपण लिहिताना माझी दमछाक होऊन राहिली आहे, तेव्हा राग नसावा, इथून पुढे ‘तुम्ही’ लिहितो.

पत्र लिहिण्याचं कारण असं की तुमच्या लग्नात शीतलला मंडपाच्या दारापासून बोहल्यापर्यंत मी आणलं नाही. नवरीला मामाने आणायचं असतं हे आपल्या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यात तिचे वडील जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून साळूअक्काच्या (माझी थोरली बहीण, तुमच्या सासूबाई) घरी पुरुषमाणूस म्हणून जो काही बरा-वाईट आहे तो मीच. आणि नेमका हा मामा त्या घटकेला मंडपाच्या कोपऱ्यात, साऊंडच्या टेबलामागे, एका उघड्या डब्यात उजव्या हाताचं बोट घालून उभा होता. तुम्ही अंतरपाटामागे होता, त्यामुळे तुम्हाला दिसलं काहीच नाही, नुसतं ऐकू आलं. ज्यांना दिसलं त्यांनी आपापल्या परीने अर्थ लावला. तुमच्या वऱ्हाडात पसरलं की मुलीचा मामा मानपानावरून रुसला, त्याला टोपी-टॉवेल हलका पडला. आमच्या भावकीत पसरलं की मामाला स्थळच पसंत नव्हतं. अक्का माझ्याशी बोलत नाही. शीतल फोन उचलत नाही, ‘मामा नंतर करते’ असा मेसेज येतो, आणि महिना झाला तरी ते ‘नंतर’ उजाडलेलं नाही. खरं कारण सांगायला गेलो तर लोक माझ्या तोंडाचा वास घेतात. या सगळ्या खानदानात ऑप-अँप म्हणजे काय हे समजणारे तुम्ही एकटे इंजिनिअर, म्हणून खुलासा तुमच्याकडे करतो. तुम्हाला पटला तर तुम्ही तो तिला समजावून सांगाल.

सुरुवात तुमच्यापासूनच होते, पण दोष तुमचा नाही. साखरपुड्याच्या दिवशी तुम्ही माझ्या साऊंडच्या टेबलाशी आलात, माईकचा डबा उघडा होता, त्यात डोकावलात आणि अगदी नम्रपणे म्हणालात, ‘मामा, अजून हीच आयसी वापरता?’ एवढंच. पण ते ज्या सुरात म्हणालात त्या सुरात लोक ‘तुमचे आजोबा अजून आहेत का?’ असं विचारतात. (ऑप-अँप म्हणजे आठ पायांची, मुंगळ्यापेक्षा जराशी मोठी काळी आयसी; माईकमधून आलेला बारीकसा आवाज ती मोठा करून पुढे देते. हे शीतलसाठी लिहितो, तुम्ही गाळा.) जुनी आयसी बावीस वर्षं माझ्याकडे होती. गणपती, जयंत्या, सप्ताह, सभा, कुठे तिने तक्रार केली नाही. तिची चाल म्हशीसारखी संथ, पण म्हशीसारखीच ती बिथरतही नाही. तुमच्या त्या एका प्रश्नानंतर मात्र मला तिची लाज वाटायला लागली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही असं मी हिला सांगितलं, ते तिने मान्य केलं नाही, कारण पुरणपोळ्या तिनेच वाढल्या होत्या.

मग मी नवीन आयसी मागवली. भयंकर वेगवान, खास संगीतासाठी बनवलेली असा लौकिक. (कंपनीचं नाव घालत नाही. तुम्ही त्यांच्याकडे नोकरीला असलात तर पंचाईत.) तिच्याबरोबर आलेली डेटाशीट दीड पानाची. कल्याणराव, मी तुमच्या स्थळाची चौकशी किती केली होती हे तुम्हाला माहीत नसेल. बायोडाट्यात ‘शेती : भरपूर’ लिहिलं होतं, मी तलाठ्याच्या ओळखीने एकर काढले. ‘पगार : समाधानकारक’ लिहिलं होतं, मी तुमच्या घरमालकाला फोन लावला. ‘स्वभाव : शांत’ यावर तर माझा काडीचा विश्वास बसला नाही. तुमच्या गावी न सांगता जाऊन मी न्हाव्याकडे दाढी केली, चहाच्या टपरीवर दोन तास बसलो आणि तुमच्या शाळेतल्या मास्तरांना गाठून विचारलं, की पोरगं चिडलं की काय करतं? बायोडाट्यात काय लिहिलंय त्यापेक्षा काय लिहायचं राहून गेलंय ते बघावं, हे मीच चार लोकांना शिकवत असतो. आणि तो मी, आठ पायांच्या एका किड्याचा बायोडाटा हातात घेऊन भुलून गेलो! वेग : प्रचंड. गोंगाट : नगण्य. शुद्धता : अत्युत्तम. एका ठिकाणी ‘स्थिरतेसाठी आकृती सहा पाहा’ असं होतं आणि आकृत्या चारच होत्या. पुढच्या बाजूला किती लांब वायर जोडली तर आयसीला पेलवेल, या रकान्यात नुसती आडवी रेघ होती.

त्या रेघेचा अर्थ मी काय लावावा? मी समजलो, मर्यादाच नाही. कितीही लांब जोडा, बिनधास्त! कंपनीने ती गोष्ट मोजलीच नसेल किंवा मोजून लपवली असेल, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. माझ्या साऊंड-दुरुस्तीच्या दुकानात ऑसिलोस्कोप आहे. आयसी शांत आहे की आतल्या आत थरथरतेय हे त्याच्या पडद्यावर बघितल्याबरोबर कळतं. पण त्याच्यावर गेल्या दिवाळीपासून आमच्या हिचा लोकरीचा गठ्ठा ठेवलेला होता आणि तो उचलायचा म्हणजे आधी तिला विचारावं लागतं. मी नवीन आयसी डब्यात बसवली, वीतभर वायर जोडली आणि ‘हॅलो, हॅलो, मस्तगड’ म्हणून बघितलं. आवाज काय सांगू! माझा स्वतःचा घसा मला परका वाटला. शेजारच्या पिठाच्या गिरणीतून लोक बघायला आले. ही मात्र दारातून म्हणाली, ‘बाजारातून नवं जनावर आणलं तर चार दिवस दावणीला बांधून बघतेत. तुमी आजच औताला जुंपून राह्यले.’ तिच्या माहेरी बैलांचा व्यापार होता, म्हणून मी ते बैलांपुरतं घेतलं.

आता लग्नाचा दिवस. अंकुशनगरला साखर कारखान्यातल्या अक्काच्या क्वार्टरमागच्या मैदानात मंडप, तुमचं वऱ्हाड दोन बसमधून आलेलं, ऊन असं की टाळूवर पापड भाजावा. मंडपवाला स्वतःचा साऊंड द्यायला तयार होता. मीच त्याला छाती काढून सांगितलं की भाचीच्या लग्नात मामाचाच साऊंड वाजेल, तुझा डबा गाडीतून उतरवू नकोस. (तो उतरवला असता तर आज हे पत्र नसतं.) जनरेटरचा आवाज नको म्हणून जनरेटर आणि त्याच्याशेजारी मोठे अ‍ॅम्प्लिफायर मी लांब, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ठेवले आणि माझ्या डब्यापासून तिथपर्यंत तीनशे फूट वायर ओढली. दुकानात वीतभर, इथे तीनशे फूट. इंजिनिअर माणूस इथेच कपाळाला हात लावेल. लांब वायर म्हणजे आयसीच्या पाठीवर ओझं, आणि वेगवान आयसीला ओझं दिलं की ती बिचकते, आपलं आपणच थरथरायला लागते. हे थरथरणं कानाला ऐकू येत नाही, पण त्याच्यापायी जो आवाज ऐकू यायला हवा तो फाटतो.

सूत्रसंचालनाला राजानंद सर होते. अक्काच्या शेजारचे, प्राथमिक शाळेचे शिक्षक, पंचक्रोशीत त्यांच्याइतका गोड आवाज नाही. ते माईकपुढे उभे राहून म्हणाले, ‘उपस्थित मान्यवर,’ आणि मंडपभर जे उमटलं ते सर्दी झालेल्या बोकडाने कौलावर खूर घासावेत तसं होतं. पहिल्या रांगेतल्या बायकांनी कानावर पदर घेतले. मी डबा उघडला. आयसीला हात लावून बघितला तर चटका बसला, आणि चटका बसला त्याच क्षणी आवाज एकदम स्वच्छ! राजानंद सरांचा तोच मध. बोट काढलं, बोकड. बोट लावलं, मध. मी चार वेळा करून बघितलं, कारण मी शास्त्रीय वृत्तीचा माणूस आहे. आयसीच्या दोन नंबरच्या पायाजवळ एक जागा होती, तिथे माझं बोट टेकलं की ती बया शांत व्हायची.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या कुणाचं बोट का नाही लावलं? लावलं ना! मंडपवाल्याचं लावलं तर आवाज दुप्पट फाटला. तुमच्या एका चुलतभावाचं लावलं तर विविधभारतीसारखं काहीतरी लागलं. स्वयंपाकाच्या बाजूने काकडीची एक जाड फोड मागवून ती दाबून बघितली. कल्याणराव, सांगायला लाज वाटते, काकडी चालली! दोन मिनिटं बिलकुल बराबर चालली. मग त्या उन्हात ती सुकली, वाकडी झाली आणि पाहुण्यांचं स्वागत चालू असताना घसरली. तुमच्या मोठ्या काकांचं नाव पुकारताना जो प्रकार झाला तो या काकडीमुळे झाला, आम्ही मुद्दाम कुणाचं नाव तसं पुकारलेलं नाही, हे त्यांना कळवावं. शेवटी माझंच बोट खरं. तीस वर्षं सोल्डरिंगचे डाग देऊन देऊन त्याला घट्टे पडलेत, त्यावर उन्हाचा घाम, हे मिश्रण त्या आयसीला मानवलं. पुण्याच्या पाण्यासारखं.

आणि मग मुहूर्ताची वेळ आली. राजानंद सरांनी पुकारलं, ‘मुलीच्या मामांना विनंती, मुलीला घेऊन बोहल्यावर यावं.’ हे वाक्य मंडपभर खणखणीत ऐकू गेलं, कारण मुलीच्या मामांचं बोट डब्यात होतं. सरांनी पुन्हा पुकारलं. मी डाव्या हाताने खूण केली की येता येत नाही. सरांना वाटलं, मी हात हलवून लोकांना अभिवादन करतोय, त्यांनी टाळ्या वाजवायला लावल्या. तिसऱ्यांदा ते माईक झाकून ओरडले, ‘मामा, जल्दी या ना, मुहूर्त चालला!’ मंडपाच्या दाराशी शीतल उभी होती, पिवळ्या साडीत, हातात नारळ घेऊन, आणि मान उंचावून मला शोधत होती. अक्का तरातरा टेबलाशी आली. म्हणाली, ‘मच्छिंद्र, पोरगी थांबून राह्यली. आज तरी त्या डबड्याला सोड.’ मी म्हणालो, ‘अक्का, सोडलं तर मंगलाष्टकं फाटतील.’ तिने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि ती परत गेली. ते बघणं अजून चालूच आहे.

तेवढ्यात ही उठली. दैवशाला, माझी बायको, गुडघ्यांवर हात देत उठली. जाता जाता मला म्हणाली, ‘तुमी बसा बोट घालून. मी नेते पोरीला.’ आणि गेली, शीतलचा हात धरला आणि तिला बोहल्यावर आणून उभं केलं. मामीने नवरी आणलेली आमच्याकडे तरी कुणी पाहिलेली नव्हती. कुणी हसलं, कुणी फोनवर शूटिंग केलं. मंगलाष्टकं सुंदर झाली. प्रत्येक ‘सावधान’ शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट ऐकू गेलं, आणि मी डाव्या हाताने अक्षता टाकल्या, त्या तुमच्यापर्यंत पोचल्या नाहीत, मंडपवाल्याच्या डोक्यावर पडल्या. तेव्हापासून अंकुशनगरात हिला ‘मामा’ म्हणतात. परवा एक बाई घरी फोन करून विचारत होती, मोठे मामा आहेत का, आणि मी फोन हिच्याकडे दिला.

लग्नानंतर आठ दिवसांनी मी लोकरीचा गठ्ठा (परवानगी घेऊन) उचलला आणि ऑसिलोस्कोप चालू केला. तीनशे फुटांचं तेच वेटोळं जोडलं आणि आयसीला एकदम झटका द्यावा तसा चौकोनी सिग्नल दिला. चांगली आयसी झटका बसला की जागेवर येऊन थांबते. ही थांबेच ना. पडद्यावर नुसती लाट मागून लाट. मग बाहेर जाणाऱ्या पायाला तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर लावला आणि ती गोगलगाय झाली. एक दाणा, कल्याणराव! आता मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक आयसीला स्थळासारखं तपासतो : आधी कागदावर काय नाही ते लाल पेनाने लिहून काढतो, मग लांब वायर, मग झटका, मग गरम करून पुन्हा झटका. कंपनीलाही मी सविस्तर पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं की वापरकर्त्याने आपल्या वापरासाठी स्वतः खात्री करून घ्यावी. उत्तर दीड ओळीचं होतं, डेटाशीटच्या मानाने भरगच्चच म्हणायचं.

तर असा हा सगळा प्रकार आहे. मी रुसलो नव्हतो. टोपी-टॉवेल उत्तम होता, टॉवेल मी रोज वापरतो. स्थळ तर मीच पसंत केलेलं. दोष कंपनीच्या अर्धवट कागदाचा आहे, हे तुम्ही शीतलला शास्त्रीय भाषेत समजावून सांगावं. तुमच्या आईवडिलांना आमचा दोघांचा नमस्कार, मोठ्या काकांना जरा जास्त.

तुमच्या घरच्या सुखात आपलं सुख मानणारा,
मच्छिंद्रमामा

ता. क. : अधिक महिना चालू आहे, आणि तुमचा पहिलाच. धोंड्याचं जेवण सासूच्या घरी असतं हे खरं, पण अक्काने तुम्हाला आमच्या घरीही यायला सांगितलं आहे, असा निरोप तिने हिच्यामार्फत मला दिला. (म्हणजे ती माझ्याशी बोलली नाही, पण माझ्याबद्दल बोलली.) पुढच्या रविवारी यावं. धोंडे ही करणार आहे. माईक नसेल.

ता. क. दुसरा : वर एक गोष्ट लिहायची राहिली, ती न लिहिता पत्र बंद केलं तर माझ्यात आणि त्या कंपनीत फरक काय? जुनी आयसी त्या दिवशी माझ्या शर्टाच्या खिशात होती. काढायला-घालायला दोन मिनिटं लागतात, डाग द्यावा लागत नाही, आणि मुहूर्ताच्या आधी सत्कारच वीस मिनिटं चालले होते. मी ती बसवली नाही. सुरुवातीला बसवली नाही ती तुमच्यामुळे. तुम्ही अंतरपाटामागून ऐकणार, ‘मामांनी पुन्हा तीच लावली’ असं तुमच्या मनात येणार, हे मला सोसवलं नसतं.

ता. क. तिसरा : आणि नंतरही बसवली नाही, त्याचं कारण तुम्ही नाही. सरांनी पहिल्यांदा पुकारलं तेव्हा मी दाराकडे बघितलं आणि मला रडू आलं. साधं नाही, हुंदक्यांचं. तिचे वडील गेले त्या दिवशी ही पोर माझा शर्ट धरून उभी होती, अकरावीत होती, आणि मी तिला म्हणालो होतो, मी आहे ना. मग दहनापासून दहाव्यापर्यंत सगळं केलं, पण रडलो नाही, कारण घरात पुरुषमाणूस मी एकटा. ते सगळं त्या मंडपात, दोन बसभर वऱ्हाडासमोर बाहेर पडणार होतं. दारापासून बोहल्यापर्यंत चाळीस पावलं होती, मी सकाळीच मोजली होती. मला ती चालवली नसती. म्हणून अक्काला म्हणालो की मंगलाष्टकं फाटतील. हिने ते ओळखलं होतं, म्हणूनच ती काही न विचारता उठली. हे शास्त्रीय भाषेत सांगू नका, शीतलला हे पान जसंच्या तसं वाचायला द्या.

ता. क. शेवटचा : रविवारी येताना गाडी आमच्या दारापर्यंत आणू नका, गल्लीच्या तोंडाशी थांबवा आणि तुम्ही पुढे व्हा. तिथून तिला मी आणतो.